चोराच्या हातातला फोन निकामी करायचा, तर...

गर्दी म्हटली की खिसेकापू आलाच. कार्तिकी एकादशीचा जळगावचा श्रीराम रथोत्सव, वैशाखातली अमळनेरची सखाराम महाराजांची यात्रा, पांझरेकाठी भरणारी धुळ्याच्या एकवीरा देवीची यात्रा. आणि सणवार नसला तरी बस फलाटाला लागताच दाराशी उडणारी झुंबड आहेच. त्यानंतर पोलीस ठाण्याच्या बाकावर कुणीतरी डोक्याला हात लावून बसलेला दिसतो. "मना मोबाईल गया रे भो," एवढंच तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो.

पूर्वी पाकीट मारलं गेलं तर त्यातल्या पैशांवर भागायचं. आता रावेरच्या केळी व्यापाऱ्याची देणी-घेणी, शिरपूरच्या शेतकऱ्याचे बँकेचे ओटीपी, विद्यापीठात शिकणाऱ्या पोरीचं हॉलतिकीट, सगळं त्या एका फोनमध्ये असतं. तो परत मिळेलच, अशी हमी कुणीही देऊ शकत नाही. पण तो चोराच्या हातात निकामी करणं मात्र आपल्या हातात आहे. त्याला ना वशिला लागतो, ना पैसा. फक्त कामं योग्य क्रमाने करावी लागतात. अनेकांचं घोडं नेमकं या क्रमापाशी अडतं.

पंधरा आकडे

प्रत्येक मोबाईल हँडसेटला आयएमईआय नावाचा पंधरा आकडी क्रमांक असतो. पहिले आठ आकडे फोनचं मॉडेल सांगतात, पुढचे सहा त्या विशिष्ट नगाचे असतात आणि शेवटचा आकडा आधीचे चौदा बरोबर आहेत की नाही हे तपासण्यासाठी असतो. सिमशी या क्रमांकाचा संबंध नाही. चोराने सिम काढून गटारात फेकलं आणि दुसरं घातलं, तरी फोन नेटवर्कला जोडला जाताना हाच क्रमांक सांगतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात आणि ब्लॉक करताना दोन्ही द्यायचे असतात.

एके काळी आपल्याकडे हा क्रमांकच नसलेले स्वस्त फोन सर्रास विकले जात. नोव्हेंबर २००९ अखेर सरकारने अशा फोनची सेवा बंद करायला लावली. पुढे चोरीच्या फोनसाठी देशव्यापी यादी तयार करण्याचं काम सी-डॉट या सरकारी संस्थेकडे गेलं. त्या यादीचं नाव सीईआयआर. तिची पहिली प्रायोगिक सुरुवात महाराष्ट्रातच झाली, १३ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईत, तत्कालीन दूरसंचार मंत्री रविशंकर प्रसाद यांच्या हस्ते. मे २०२३ मध्ये संचार साथी या पोर्टलसोबत ती देशभर लागू झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये संचार साथीचं ॲपही आलं. या यादीत क्रमांक चढला की भारतातली कुठलीही मोबाईल कंपनी त्या फोनला सेवा देत नाही. फोन जळगावात चोरीला जावो आणि सुरतेत विकला जावो, नियम तोच.

पहिला तास

फोन गेल्याचं लक्षात येताच माणूस आपल्याच नंबरवर पुन्हा पुन्हा रिंग देत बसतो. एक-दोनदा देऊन पाहा. रिक्षात किंवा दुकानाच्या काउंटरवर राहिला असेल, तर कुणीतरी उचलेल. उचलला नाही किंवा बंद लागला, की पुढच्या कामाला लागा.

पहिलं काम म्हणजे फोन दुरून लॉक करणं. सोबतच्या माणसाच्या फोनवर अँड्रॉइडसाठी गुगलचं फाइंड हब किंवा आयफोनसाठी ॲपलचं फाइंड माय उघडा, आपल्या खात्याने आत जा, फोन लॉक करा आणि शेवटचं ठिकाण दिसलं तर त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. हे सिम बंद करण्याआधी का करायचं, तर सिम बंद झालं की फोनचं इंटरनेटही तुटतं आणि मग त्याच्यापर्यंत आपला हुकूम पोहोचेलच असं नाही. मात्र यात पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नका. काम झालं की त्या दुसऱ्या फोनमधून आपलं खातं आठवणीने लॉगआउट करा.

दुसरं काम, मोबाईल कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून सिम बंद करणं. चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तिथे येणाऱ्या ओटीपीवर खातं उघडू पाहतो. फोन लॉक केला तरी हा धोका टळत नाही.

तिसरं काम, बँक. यूपीआय, मोबाईल बँकिंग आणि फोनमध्ये नोंदवलेली कार्डं थांबवायला सांगा. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. खात्यातून पैसे गेलेच असतील, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवा. तिथे जितकी लवकर नोंद होईल, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त.

नकाशावर फोन एखाद्या गल्लीत दिसला, तर चार मित्र घेऊन तिकडे धावू नका. नकाशा घर दाखवतो, खोली दाखवत नाही, आणि कधी कधी शेजारचं घर दाखवतो. ते ठिकाण पोलिसांना द्या.

तक्रार: गहाळ की चोरी?

आयएमईआय ब्लॉक करायला पोलीस तक्रारीची प्रत सक्तीची आहे, त्यामुळे तक्रार करावीच लागते. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. फोन कुठेतरी पडला, विसरला, तर ती गहाळ झाल्याची नोंद होते. ती महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतूनही करता येते. पण खिशातून काढला असेल किंवा हातातून हिसकावला असेल, तर तो गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी कलम ३०३ आहे आणि हिसकावून पळण्यासाठी कलम ३०४ स्वतंत्र आहे.

ठाणे अंमलदार अनेकदा समजुतीच्या सुरात म्हणतात, "गहाळचं लिहून द्या ना भाऊ, काम लवकर होईल." ब्लॉक करण्यापुरतं ते खरंही आहे, गहाळच्या नोंदीवर फोन ब्लॉक होतो. पण तुम्ही चोरीला गेलेल्या फोनवर गहाळ लिहून दिलंत, तर पुढे चोर सापडला तरी त्याच्यावर तुमच्या फोनचा गुन्हाच नसतो. म्हणून जे घडलं तेच लिहा: कुठल्या बसच्या दाराशी, साधारण किती वाजता, कुठल्या खिशातून. हिसकावलं असेल तर गाडीचा रंग, किती जण होते, कुठल्या दिशेने गेले.

गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. हद्द कुणाची हा प्रश्न पोलिसांनी आपसात सोडवायचा आहे. तुम्ही धुळ्याचे, फोन गेला जळगावच्या बस स्थानकात आणि लक्षात आलं पारोळ्याला, तरी परत उलटं जायची सक्ती नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ही तरतूद आहे. त्याच कलमात तक्रार ईमेलसारख्या मार्गाने पाठवून तीन दिवसांत सही करण्याची सोय आहे आणि एफआयआरची प्रत फुकट मिळण्याचा हक्कही आहे. ठाण्याने गुन्हा घ्यायला नकार दिला, तर तक्रार लेखी स्वरूपात जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते.

तक्रारीत दोन्ही आयएमईआय क्रमांक लिहिले गेलेत ना, हे सही करण्यापूर्वी एकेक आकडा बोट ठेवून वाचा. एक आकडा चुकला, तर त्या कागदावरचा फोन तुमचा राहत नाही.

रेल्वेत फोन गेला, तर थोडा फरक आहे. भुसावळ-जळगाव-चाळीसगाव पट्ट्यात रोज ये-जा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. रेल्वे हद्दीतला गुन्हा लोहमार्ग पोलीस नोंदवतात. शिवाय २०२५ पासून रेल्वे सुरक्षा दलही सीईआयआरला जोडलं गेलं आहे. रेल मदद ॲपवर किंवा १३९ क्रमांकावर कळवलं, तर गुन्हा न नोंदवताही त्यांच्यामार्फत फोन ब्लॉक करून घेता येतो.

सिम आधी, अर्ज नंतर

आता ती जागा, जिथे पुष्कळांचा पहिला अर्ज अडतो. तक्रारीची प्रत मिळाली की लोक थेट पोर्टल उघडतात. अर्ज भरून झाला की शेवटी ओटीपी मागितला जातो, आणि तो जातो चोरीला गेलेल्या फोनमधल्याच नंबरवर! तो नंबर तर बंद करून टाकलेला असतो.

म्हणून आधी कंपनीच्या गॅलरीत जाऊन त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम घ्या. सिम ज्याच्या नावावर आहे त्यानेच ओळखपत्र घेऊन जायचं असतं. खेड्यात पोराच्या फोनमधलं सिम वडिलांच्या नावावर असतं, आणि वडील शेतात पाणी भरायला गेलेले असतात. ते आधी विचारून घ्या, म्हणजे तालुक्याला दोन खेपा होणार नाहीत. नवं सिम सुरू झालं तरी त्यावर एसएमएस येण्याची सोय लगेच सुरू होत नाही. सुरक्षेसाठी घातलेल्या नियमामुळे त्याला २४ तासांपर्यंत वेळ लागतो. ओटीपी येईना म्हणून गॅलरीवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही.

तोवर कागदपत्रं जमवा. पोलीस तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र सक्तीचं. फोनचं बिल असेल तर उत्तम, त्याने मालकी स्पष्ट होते. सगळ्यांचे स्वच्छ फोटो किंवा पीडीएफ छोट्या आकारात करून ठेवा.

क्रमांक कुठून आणायचा?

फोन हातात असताना *#०६# दाबलं की दोन्ही क्रमांक दिसतात. फोन गेल्यावर चार जागा पाहा. खोक्यावरचं स्टिकर, पक्कं बिल, अँड्रॉइड असेल तर फाइंड हबमध्ये त्या फोनची माहिती आणि आयफोन असेल तर ॲपल खात्यातली उपकरणांची यादी.

खोक्याच्या बाबतीत सावध राहा. कपाटाच्या वरच्या फळीवर एकाच कंपनीची तीन खोकी रचलेली असतात. एक दादाचं, एक वहिनीचं, एक आपलं. घाईत भलतंच खोकं उचललं, तर चोराचा फोन चालू राहतो आणि वहिनीचा बंद पडतो. खोक्यावरचा रंग, मेमरी आणि मॉडेल बिलाशी जुळवून पाहा. स्टिकरवर शेजारीच सिरियल नंबरही छापलेला असतो. त्यात बहुधा इंग्रजी अक्षरंही असतात. आयएमईआयमध्ये फक्त आकडे असतात, आणि ते पंधरा.

अर्ज

संचार साथीच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये हरवलेला किंवा चोरीला गेलेला मोबाईल ब्लॉक करण्याचा पर्याय आहे. सीईआयआर डॉट संचारसाथी डॉट गव्ह डॉट इन या पत्त्यावरूनही थेट जाता येतं. अर्जाचे तीन भाग आहेत.

१. फोनची माहिती: मोबाईल नंबर, दोन्ही आयएमईआय, कंपनी, मॉडेल, बिल.

२. घटनेची माहिती: ठिकाण, तारीख, राज्य, जिल्हा, पोलीस ठाणं, तक्रार क्रमांक, तक्रारीची प्रत.

३. मालकाची माहिती: नाव, पत्ता, ओळखपत्र आणि शेवटी ओटीपी.

अर्ज गेला की एक रिक्वेस्ट आयडी मिळतो. हा कागदावर लिहून ठेवा. नव्या फोनमध्ये स्क्रीनशॉट काढला आणि निर्धास्त झालो, असं करू नका. अर्जाची स्थिती पाहायची असो की फोन सापडल्यावर ब्लॉक काढायचा असो, हाच आयडी मागितला जातो. अर्ज मंजूर झाला की साधारण २४ तासांत फोन ब्लॉक होतो. ही सेवा पूर्ण मोफत आहे. स्वतः जमत नसेल, तर पोलीस ठाण्यातूनही ही नोंद करून घेता येते.

ब्लॉक म्हणजे काय, काय नाही

ब्लॉक झालेल्या फोनमध्ये चोराने किंवा त्याच्याकडून घेणाऱ्याने सिम घातलं, की नेटवर्क मिळत नाही. इथेच पोलिसांच्या कामाचा धागा सुरू होतो. तो फोन नेटवर्कला जोडायचा प्रयत्न झाला, की त्यात कुठल्या नंबरचं सिम आहे याची माहिती पोलिसांकडे जाते. त्यामुळे "ब्लॉक केला तर शोध लागणार नाही" ही समजूत चुकीची आहे.

पण ब्लॉक म्हणजे सगळं संपलं असंही नाही. वायफायवर असा फोन चालू राहू शकतो. म्हणून स्क्रीन लॉक आणि दुरून केलेलं लॉक महत्त्वाचं. फोन सुटा करून स्क्रीन, बॅटरी, कॅमेरा वेगळा विकला, तर क्रमांकाचा उपयोग उरत नाही. परदेशात गेलेल्या फोनला भारतातली यादी लागू होत नाही. काही ठिकाणी सॉफ्टवेअरने क्रमांकच बदलून देणारेही भेटतात. हा साधासुधा गुन्हा नाही. दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

एक चूक टाळा. फोन गेला म्हणून रागाच्या भरात गुगल किंवा ॲपल खात्यातून ते उपकरण काढून टाकू नका. तुमचं खातं त्यात आहे तोवर फोन पुसून नव्याने सुरू करताना तुमचाच पासवर्ड मागितला जातो. ते काढलंत, तर चोराच्या वाटेतला अडसर तुम्हीच दूर केलात. "तुमचा आयफोन सापडला, इथे पासवर्ड टाका" असा संदेश आला, तर तो बहुधा चोराचाच असतो. आयएमईआय टाका, पैसे भरा, लोकेशन मिळवा, असं सांगणारी संकेतस्थळंही बोगस समजा. आयएमईआयवरून माग काढणं मोबाईल कंपन्यांच्या माहितीवरच होतं आणि ती माहिती पोलिसांनाच मिळते.

पाठपुरावा

केंद्र सरकारने २०२५ च्या अखेरीस दिलेल्या माहितीनुसार तोवर देशात सुमारे ४२ लाख फोन ब्लॉक झाले होते, २६ लाखांहून अधिक फोनचा माग लागला होता आणि प्रत्यक्षात मालकांच्या हाती परत गेलेले फोन सात लाखांच्या घरात होते. या तीन आकड्यांमधली दरी समजून घेण्यासारखी आहे. माग लागणं म्हणजे फोन मिळणं नव्हे. ज्याच्या हातात फोन आहे त्याला पोलिसांनी गाठावं लागतं, आणि तो कधी शेजारच्या तालुक्यात तर कधी परराज्यात असतो. जिल्हा पोलीस दल कार्यक्रम घेऊन जप्त केलेले मोबाईल मालकांना परत करतं, त्याच्या बातम्या आपण स्थानिक पानांत वाचतो. त्या यादीत आपलं नाव यायचं असेल, तर तक्रारीचा क्रमांक आणि रिक्वेस्ट आयडी घेऊन अधूनमधून ठाण्यात आणि सायबर शाखेत विचारपूस करत राहा. अर्जाची स्थिती पोर्टलवर बघत राहा. माग लागल्याचं दिसताच तपासी अंमलदाराला कळवा.

फोन सापडला, पण तो गुन्ह्याचा मुद्देमाल असेल, तर न्यायालयाच्या आदेशाने सुपूर्दनाम्यावर ताब्यात मिळतो. बिल आणि आयएमईआय जुळला की हे काम सोपं होतं. घरी आणल्यावर लगेच सिम घालून "लागत का नाही" म्हणू नका. पोर्टलवर अनब्लॉकचा पर्याय निवडून रिक्वेस्ट आयडी आणि कारण द्यावं लागतं, मग काही काळाने फोन पूर्ववत होतो. फोन सोफ्याच्या खाचेत सापडला, तरी पोलिसांना तसं कळवून हेच करायचं.

दुसऱ्या बाजूने: जुना फोन घेताना

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये असो, धुळ्यात आग्रा रोडला असो की गावातल्या ओळखीच्या पोराकडून असो, वापरलेला फोन घेताना त्याच्यावर *#०६# दाबून क्रमांक स्वतः पाहा. मग आपल्या फोनवरून केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक मोकळी जागा आणि तो पंधरा आकडी क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठवा. संचार साथी ॲपमध्येही ही तपासणी होते. उत्तरात फोन काळ्या यादीत, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असल्याचं आलं, तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. पक्कं बिल नाहीच म्हणत असतील, तर विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सहीचा कागद तरी घ्या.

हे न करता घेतलेल्या फोनवर उद्या पोलिसांचा कॉल येऊ शकतो. आधी त्या ठाण्याच्या अधिकृत क्रमांकावर फोन करून खात्री करा, कारण पोलीस असल्याची बतावणी करून पैसे उकळणारेही आहेत. कॉल खरा निघाला, तर फोन जमा करा आणि पोच घ्या. चोरीचा माल आहे हे माहीत असून बाळगणं गुन्हा आहे. माहीत नव्हतं हे सांगायला तुमच्याकडे तो विक्रीचा कागदच कामी येतो.

आजच करायची कामं

हा अंक हातातून ठेवण्याआधी *#०६# दाबा आणि दोन्ही क्रमांक रेशनकार्ड ठेवता त्या फाइलमध्ये कागदावर लिहा. घरातल्या प्रत्येकाच्या फोनचे क्रमांक त्याच कागदावर, पुढे नाव आणि मॉडेल. बिल त्याला टाचा. फाइंड हब किंवा फाइंड माय सुरू आहे ना, हे तपासा आणि खात्याचा पासवर्ड घरातल्या एका विश्वासू माणसाला माहीत असू द्या. सिमला पिन लावा. यूपीआयचा पिन आणि फोनचा लॉक एकच ठेवू नका. आई-वडील गावी असतील, तर पुढच्या वेळी गेल्यावर त्यांच्या फोनचंही हे करून या, कारण बाजाराच्या गर्दीत त्यांचा फोन गेला तर खोकं शोधायला तुम्ही तिथे नसाल.